कोंबड्यांसाठी अठरा घरांचं ताक

मागच्या बुधवारी पौडच्या खाद्याच्या दुकानात मी एक पिशवी हातात घेऊन इतका वेळ उभी राहिले, की दुकानदाराने आतून स्टूल आणून दिलं. पिशवीवर पांढरीशुभ्र कोंबडी छापलेली होती. अशी कोंबडी मी पंचवीस वर्षांत पाहिलेली नाही, कारण ती हसत होती. कोंबडीखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रीबायोटिक’.

“हे काय असतं रे?” मी विचारलं.

“आक्का, कोंबडीच्या आतड्यात चांगले जंतू असतात ना, त्यांचं खाणं आहे हे. कोंबडीला स्वतःला पचत नाही. जंतूंना पचतं. ज्या कोंबड्या नुसत्या धान्यावर वाढतात त्यांना द्यायचं. एकदम नवीन आलंय.”

“नवीन,” असं म्हणून मी स्टुलावर बसले. त्याचे वडील असते तर ते हसले असते. त्यांना सगळं खोरं चाचा म्हणायचं, आणि या नवीन गोष्टीचा वास त्यांनी माझ्या पातळाला येताना ओळखला होता. तो वास आंबट ताकाचा होता.

पंचवीस वर्षांपूर्वी मी तेवीस वर्षांची होते आणि सासर सोडून रिह्याच्या खोऱ्यात माहेरी येऊन मला चार महिने झाले होते. त्या सासरचं मी काही सांगत नाही. मला समोरच्याला हसवल्याशिवाय काही सांगता येत नाही, आणि त्या घरातल्या तीन वर्षांत हसण्यासारखं काहीही घडलं नाही. उजव्या मनगटावर तव्याचा डाग आहे, तेवढा पुरे.

आमचे आबा वाईट नव्हते. त्यांना फक्त लोकांनी विचारलेलं सोसत नसे. आणि लोक विचारत. पारावर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर. “लेक आलीया जनू?” “व्हय, सनाला आलीया.” असं म्हणता म्हणता होळी झाली, पाडवा झाला, अक्षयतृतीया झाली आणि आबांकडचे सण संपत आले.

त्याच सुमारास पंचायत समितीचे एक साहेब आमच्या गावात उगवले. सगळे त्यांना कोंबडीसाहेब म्हणत. विजारीचे पाय दुमडलेले, काखेत छत्री, आणि बोलणं असं स्वच्छ पुणेरी, की आमच्या घरचं कुत्रंसुद्धा आधी भुंकावं की नाही याचा विचार करी. बायकांसाठी काहीतरी योजना होती, शंभर पिलं मिळणार होती आणि गावातली एकही बाई पुढे येत नव्हती. मी पुढे गेले. मला कोंबड्यांची आवड होती असं नाही. मला काहीतरी कारण हवं होतं, ज्याच्यासाठी मी इथं लागते असं म्हणता येईल.

रात्री आबांचं जेवण झालं. मग हात धुताना म्हणाले, “दिवाळीपत्तूर. दिवाळीला अंडी दिसली तर ऱ्हा. मी लोकान्ला सांगंन, लेक धंदा करतीया. न्हाई दिसली, तर भाऊबीज झाली की पाव्हण्यांना निरोप धाडीन. येतील आन घिऊन जातील.”

एवढा साधा करार होता. मध्ये शंभर पिलं उभी होती.

पिलं मी पुण्याहून एसटीने आणली. भोकं पाडलेली दोन खोकी मांडीवर, आणि अख्खी गाडी चिवचिवतेय. कंडक्टरने खोक्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, “ह्यातली बारा वर्षांवरची कोन कोन हायेत?” पिरंगुटापर्यंत लोक हसत होते. मी सगळ्यांत जास्त हसले. त्या दिवसाइतकी हलकी मी पुढे बरीच वर्षं नव्हते, म्हणून तो प्रवास मला अजून तपशीलवार आठवतो.

आमच्या गोठ्यातले बैल आदल्या साली विकले होते. अर्ध्या गोठ्याला जाळी लावली, खाली भाताचं तूस पसरलं, टोपल्यांखाली कंदील ठेवून पिलांना ऊब दिली. खायला काय, तर भाताच्या मुलखात कणीला तोटा नव्हता. त्यात चाचांच्या दुकानातला मक्याचा भरडा, थोडा कोंडा. साहेबांनी शेंगदाण्याची पेंड सांगितली होती आणि आणखी तीन-चार गोष्टी. आबा म्हणाले, “दानं खात्यात ना? मग आनखी काय पायजे त्यांना, लोनचं?” म्हणून मुख्यतः कणी.

आषाढ निघाला. श्रावणात पिलं वाढायची थांबली. मुळशीकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, नसेल तर सांगून कळणार नाही. वरून ओल, खालून ओल, आणि मध्ये पिलांची विष्ठा पातळ. शेपटीखालची पिसं चिकटलेली. खांदे पाडून, डोळे अर्धवट मिटून ती अशी उभी असत, की जणू एसटीची वाट बघतायत आणि एसटी आज नाही हे त्यांना कळलंय. रोज एखादं मरे. मी दिवसातून दोनदा खुरप्याने तूस उलटायची, ओलं पाटीत भरून उकिरड्यावर न्यायची, कोरडं पसरायची. तोवर पहिला कोपरा पुन्हा ओला झालेला असे. माझी कंबर त्या श्रावणात जी बोलायला लागली ती आजतागायत गप्प बसलेली नाही.

साहेब आले. त्यांनी एक मेलेलं पिलू पोत्यावर ठेवून चाकूने उघडलं आणि आतडं बोटावर घेऊन मला दाखवलं. तोवर आमची चुलती भिंतीपलीकडून येऊन उभी राहिली होती. चुलती म्हणजे आबांच्या थोरल्या भावाची बायको. घर शेजारी, गोठ्यात तीन म्हशी, गळ्यात तुळशीची माळ, आणि कुठेही काही उघडलं जात असेल तर तिथे हजर.

“बाई, धान्य भरपूर आहे,” साहेब मला म्हणाले, “पण नुसतं धान्यच आहे. आतड्यात चांगले जंतू असतात. ते उपाशी राहिले, की वाईट जंतू जागा धरतात. चांगल्यांना खायला घातलं पाहिजे.”

“म्हंजी किड्यांना खाऊ घालायचा?” चुलतीने विचारलं.

“एका अर्थी हो.”

“ऐका. हितं मान्सं शेवग्याच्या पाल्यावर दिस काढत्यात.”

साहेबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “तुमच्याकडे ताक होतं ना? दुधात एक साखर असते, ती ताकातही राहते. कोंबडीला ती पचवता येत नाही.”

“मग द्यायची कशाला?” आता मी विचारलं.

“म्हणूनच द्यायची. तिला पचत नाही म्हणून ती तशीच खाली उतरते आणि त्या जंतूंना मिळते. कोंबडीने खाल्लं, पण पोचलं दुसऱ्याला.”

चुलती तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र ते एकदम पटलं. राबायचं एकीने आणि पोसले जाणार खालचे, हे कुठल्याही सुनेला समजावून सांगावं लागत नाही.

आमच्याकडे एकच म्हैस. वहिनी ताक घुसळायची, त्यातून घरच्यांचं पिऊन तांब्याभर उरायचं. नव्वदएक पिलांना रोज बादली लागणार होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलतीकडे गेले आणि आयुष्यातली एक मोठी चूक केली. म्हणाले, “काकी, रोज दोन तांबे ताक देता का? फुकट नको. दिवाळीनंतर बदल्यात अंडी देईन.”

रवी थांबली.

“अंडी,” चुलती म्हणाली. “ही माळ दिसतीया का तुला?”

“मग पैसे घ्या.”

त्यावर ती उठूनच उभी राहिली. “ताक इकाय बसलीया व्हय मी? दूध इकत्यात, तूप इकत्यात. ताक मागाय येत्यात आन घिऊन जात्यात. तुझ्या आज्यानं कदी ताक इकलं न्हाई, माझ्या सासूनं इकलं न्हाई. सासरी जाऊन एवढंबी इसरलीस?”

मला हे माहीत होतं. आमच्या खोऱ्यात ताकाला किंमत लावणं म्हणजे समोरच्या बाईला भिकारी ठरवणं. पण माहेरी परत आलेल्या बाईला फुकट काही मागायची इतकी धास्ती असते, की ती पाणी पितानासुद्धा हिशेब करते. मी खाली मान घालून परत आले.

चुलती त्या दिवशी घरात बसली नाही. आळीतल्या घराघरांत जाऊन तिने तो अपमान सांगितला. प्रत्येक ठिकाणी नव्याने, प्रत्येक ठिकाणी थोडा वाढवून. शेवटच्या घरी पोचेपर्यंत मी तिच्या तोंडावर नाणी फेकली होती. आणि प्रत्येक घरातली बाई म्हणाली, “आसं म्हनली? बघतेच. उद्यापास्नं माझ्याकडचं ताक धाडते. बघू कशी पैशे देतीया.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर तांब्यांची रांग लागली. पितळी, जर्मनचे, एक काठ चेपलेला. सतरा घरांतून ताक आलं होतं, अठरावं आमचं. गावाने माझ्यावर असा सूड उगवला. बायका तांब्या ठेवत, माझ्याकडे न बघता गोठ्यात डोकावत आणि “लई बारीक हायेत गं” म्हणून निघून जात.

पहिले पाच-सहा दिवस मी ताकात निम्मं पाणी घालून देत होते. पिलं तरतरली. विष्ठा घट्ट झाली, तूस एक दिवस चक्क कोरडं राहिलं. एक पिलू माझ्या पायावर चढून पाहून गेलं. आता तुम्हीच सांगा, निम्म्या औषधाने एवढा गुण येतो तर पुऱ्या औषधाने केवढा यावा. मी पाणी घालणं बंद केलं. पाण्याची भांडीही उचलली, पाण्याने पोट भरून ताक प्यायचं राहू नये म्हणून. नुसतं दाट ताक.

दोन दिवसांत गोठा पुन्हा वाहायला लागला. पिलं ताकाच्या भांड्यावर तुटून पडत, पीत आणि परत तिथेच उभी राहत, चोच उघडी ठेवून. जितकं द्यावं तितकं पीत. काहींना चालता येईना, ती तुसात एका अंगावर पडून पाय मारत. एका दिवशी चार मेली, दुसऱ्या दिवशी सात.

आबा जाळीशी येऊन उभे राहिले. अकरा पिलं मी ओळीने मांडली होती. का मांडली होती, कुणास ठाऊक.

“दिवाळीची वाट बगाय नगं आता,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता. “सोमवारी निरोप धाडतो.”

तो शुक्रवार होता.

शनिवारी मी काहीच वेगळं केलं नाही. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस धडपडतं. मी तूस उलटलं. मेलेली पिलं पुरली. पाटी उचलली, पाटी ठेवली. वहिनीने भाकरी आणून दिली ती तिथेच उभ्याने खाल्ली. मग माझ्या हातातलं खुरपं काढून घेऊन एक कोपरा तिने उलटला. दुपारनंतर मला इतकी तहान लागली आणि माठापर्यंत जायचा इतका कंटाळा आला, की मी पिलांच्या बादलीत वाटी बुडवली आणि ताक तोंडाला लावलं.

खारट. साधं खारट नव्हे. लोणच्याच्या बरणीत तळाला उरतं तसं.

मी वाटी हातात घेऊन बसले आणि मला सगळं एकाच वेळी दिसलं. आमच्याकडे पांढरं काही घराबाहेर तसंच जात नाही. दूध, दही, ताक, काहीही उंबऱ्याबाहेर न्यायचं तर त्यात काहीतरी टाकून न्यायचं, म्हणजे म्हशीला नजर लागत नाही, म्हैस आटत नाही. ताकात मीठ टाकतात. सतरा घरांतल्या सतरा बायका उंबऱ्यावर थांबून मुठीतलं मीठ टाकत होत्या, आणि पावसाळ्यात नजर जास्त लागते म्हणून जरा सैल हाताने. त्यातून साहेबांच्या सांगण्यावरून भरड्यातही मीठ होतंच. मी पाणी घालत होते तोवर ते खपून गेलं. पाणी काढलं आणि मी माझ्याच हाताने पिलांना खारं पाजलं. तहान लागली म्हणून ती आणखी पीत होती.

आणि अठरावं घर आमचं. रोज सकाळी घरातून गोठ्याकडे ताक मी नेत होते. मध्ये फक्त अंगण. पण उंबरा होता. त्या उंबऱ्यावर मी रोज थांबत होते, कोनाड्यातल्या मिठाच्या मडक्यात हात घालत होते आणि चिमूट टाकत होते. माझ्या हाताला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो आपोआप जात होता. सासरी तीन वर्षं राहून मी जे विसरले होते त्यात हे नव्हतं.

मी आधी पिलांपुढे साधं पाणी ठेवलं. मग सतरा घरांकडे निघाले.

प्रत्येक दारात तेच. “उद्यापासून मीठ नका घालू.” आणि प्रत्येक दारात तेच उत्तर, वेगवेगळ्या तोंडांनी. “मीठ न घालता ताक? आन म्हस आटली तर तू दूध द्यायला येशील व्हय?” “सासूबाई मारतील मला.” “न्हाई घालत म्हन्ते गं, पर हात ऐकंल का?” एका घरी तर म्हणाली, “मंग धाडत न्हाई,” आणि तिचंही खरं होतं. त्या बाईची एकच म्हैस, आणि त्या म्हशीवर घर चाललेलं. माझ्या कोंबड्यांसाठी तिने ती नजरेला का घालावी? सहाव्या-सातव्या घरानंतर मी पुढे गेले नाही. मी चुलतीच्या ओट्यावर जाऊन बसले आणि मला रडू आलं. म्हणजे मी जोरात रडले. मला हळू काही येत नाही.

चुलतीने ऐकून घेतलं. “मीठ,” ती म्हणाली. “म्हंजी आमीच मारली व्हय गं तुझी पोरं.”

“मीपण.”

“तू तर आदी.” तिने माळेचे दोन मणी सरकवले. मग म्हणाली, “बाळंतिनीला डबा नेत्यात, त्यात काय घालत्यात?”

“कोळसा.”

“मग? नजर कोळशालाबी भितीया. मिठालाच भितीया आसं कुटं हाय?” ती उठली, पदर खोचला. “कोळसा कोंबडीला चालतो का ते साह्यबाला इचारून घे. आन नसंल चालत तर मला सांगू नगंस, कारन आता मी निगाले.”

आणि त्या बाईने दुसऱ्यांदा सगळी आळी पालथी घातली. या वेळी काय सांगितलं मला माहीत नाही. रविवारी सकाळी ओट्यावर सतरा तांबे आले. प्रत्येकात एक-एक कोळशाचा खडा तरंगत होता. ज्या बाईने “धाडत न्हाई” म्हटलं होतं तिच्या तांब्यात दोन होते.

रविवारी तीन पिलं मेली. दिवसभर मी साधं पाणी दिलं, संध्याकाळी पातळ ताक. सोमवारी सकाळी आबा टोपी घालून बाहेर आले. पहिल्या एसटीच्या ड्रायव्हरकडे ते निरोप देणार होते. जाता जाता जाळीशी थांबले. मी तूस उलटत होते. त्यांनी कोपरे पाहिले, टोपलीखाली पाहिलं. त्या दिवशी एकही मेलं नव्हतं. एसटीचा हॉर्न वाजला. आबा हलले नाहीत. गाडी गेल्यावर म्हणाले, “दिवाळीलाच बगू मग,” आणि टोपी काढून खुंटीला अडकवून आले.

निरोप गेला नाही, तरी बातमी गेली. बातमीला एसटी लागत नाही. दसरा झाला आणि चौथ्या दिवशी सकाळी माझा दीर आणि नवऱ्याचे मामा आमच्या अंगणात हजर. दिवाळीला अजून अवकाश होता. कोंबड्या आता चांगल्या मोठ्या झाल्या होत्या, तुरे लाल झाले होते, पण अंड्याचा पत्ता नव्हता. अंडं असतं तर मी ते हातात धरून उभी राहिले असते. माझ्या हातात बादली होती.

मामा बाजेवर बसले. “सोयरं, झालं गेलं इसरायचं. पोरगी आमची हाय. नांदाय न्यायला आलोया.”

आबा जमिनीकडे बघत होते. त्यांना नाही म्हणायची सवय नव्हती, आणि पाहुण्यांना तर मुळीच नव्हती. वहिनी आत गेली आणि तिने माझी पातळं घडी करायला घेतली. तिचा दोष नव्हता. पाहुणे आले की कपडे बांधायचे असतात, एवढंच तिला माहीत होतं.

ते दोघे ताकाच्या वेळी आले, ही त्यांची चूक. एक एक करून बायका तांबे घेऊन येऊ लागल्या. पाहुणे बघून डोक्यावर पदर घेत, पण जाईनात. ओट्याला टेकून उभ्या. शेवटी चुलती आली.

“कुटं न्यायची म्हंता?” तिने विचारलं.

“सासरी.”

“आन कोंबड्या?”

“त्या ऱ्हातील की हितंच,” दीर म्हणाला.

“कोन बगंल? ही वैनी? हिला म्हस पुरी हाय. मी? मी माळकरी.” चुलतीने आपला तांब्या खाली ठेवला. “बरं, न्या. नांदायची बाई हाय, आमी कोन अडवनार. पर ताक परत द्या आन न्या.”

“कसलं ताक?” मामा म्हणाले.

“श्रावनापास्नं आजपत्तूरचं. सतरा घरचं. आमी काय हिला पाजलंय व्हय? कोंबड्यांना पाजलं, हिच्या हातनं. आता त्यो हात सासरी चालला, तर आमचं ताक हितं ठिऊन जाऊ द्या.”

दीर हसला. मामा हसले नाहीत. ते व्यवहारी माणूस होते आणि लवकरची गाडी त्यांना गाठायची होती. त्यांनी सदऱ्याच्या आत हात घातला आणि म्हणाले, “काय व्हत्यात ताकाचं पैशे? सांगा, दिऊन टाकतो.”

मी मामांकडे बघत होते आणि मला त्या माणसाची जवळजवळ कीव आली. मी ते वाक्य बोलून चुकले होते. मग एका बाईने तांब्या खाली ठेवला. मग दुसरीने. सतराही तांबे ओट्यावर टेकल्याचा आवाज मी ऐकला. सतरा बायका मामांच्या हाताकडे बघत होत्या, तो सदऱ्यात होता तिथे.

तेव्हा आबांनी मान वर केली. “पाव्हणं,” ते म्हणाले, “आमच्यात ताक इकत न्हाईत.”

“आवो पन...”

“न्हाई. इकत न्हाईत. पोरगी हितं ऱ्हाईल.”

आबा माझ्याबद्दल नाही म्हणू शकत नव्हते. ताकाबद्दल मात्र त्यांच्या तोंडून ते सहज निघालं, आणि एकदा निघाल्यावर माझ्यासाठीही पुरलं. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. ज्याला जिथून बळ मिळतं तिथून मिळतं.

पाहुण्यांना उपाशी धाडत नाहीत. चुलतीने आपल्या तांब्यातलं ताक त्यांना वाटीत ओतून दिलं. मामा प्यायले. मिशीला कोळशाची काळी रेघ उमटली. कुणी सांगितली नाही. ती घेऊन ते पौडपर्यंत गेले असतील. पुढे त्या घराने दुसरी सून आणली. तिचं काय झालं ते मी विचारलं नाही, आणि हे मात्र मला कधीकधी लागतं.

पहिलं अंडं धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मिळालं. लिंबाएवढं, वर रक्ताचा पुसट ओरखडा. मी ते आबांना दाखवलं. त्यांनी “हं” म्हटलं आणि पारावर निघून गेले, नेहमीपेक्षा एक तास आधी. मग मी ते चुलतीकडे नेलं. तिने माळ पदराखाली झाकली, अंडं तळहातावर घेऊन वजन पाहिलं आणि परत दिलं. “बारीक हाय,” ती म्हणाली. “ताक कमी पडतंय.”

इथे संपवलं असतं तर ही आनंदाची गोष्ट झाली असती. पण मी पुढेही जगले. एक सासू सोडून आले होते, त्या जागी सतरा मिळाल्या. ज्यांचं ताक त्यांच्या कोंबड्या. रोज सकाळी सतरा मतं. ही कोंबडी का बसलीय, ती का ओरडतेय, तुसाला वास का येतोय, काल कुटं गेली व्हतीस. पुण्याला भाचीच्या लग्नाला एक मुक्काम केला तर परतल्यावर पंधरा दिवस ऐकलं. कोंबड्यांना सुट्टी नसते आणि ताकालाही नसते. एक खेप गेली की दुसरी पिलं. बादली, पाटी, खुरपं. मी कुणाच्या धाकात नव्हते, फक्त दमलेली होते, आणि हे दोन्ही वेगळं आहे हे मला नेहमी लक्षात राहायचं असं नाही.

मग ताकच आटलं. नजर लागून नव्हे. शहरातल्या लोकांनी बंगल्यांसाठी जमिनी घेतल्या, गुरं चरायची कुठे, एकेका घरची म्हैस गेली. तांबे बारा झाले, आठ झाले. चुलती गेली त्या वर्षी पाच होते. आता दोन येतात, त्यातला एक पिशवीतल्या दुधाचा, आणि त्या सूनबाई त्यात कोळसा घालत नाहीत, कारण म्हैसच नाही तर नजर लागणार कुणाला.

म्हणून त्या बुधवारी मी पौडच्या दुकानात पिशवी हातात घेऊन बसले होते. दुकानदाराने ती फोडून दाखवली. आत पांढरी भुकटी. मी बोट ओलं करून त्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.

“आक्का, ते कोंबड्यांचं आहे.”

“माहीत आहे.” गोडसर लागलं. खारट नव्हतं. “दे एक.”

त्याने पिशवीचं तोंड दोऱ्याने बांधलं आणि मग, माझ्याकडे न बघता, समोरच्या चहावाल्याकडे गेला. भट्टीतला एक विझलेला कोळसा कागदात गुंडाळून त्याने आणला, दोरा सोडला, कोळसा आत टाकला आणि पुन्हा गाठ मारली. चाचांचा मुलगा, याच खोऱ्यात वाढलेला. मी काही मागितलं नव्हतं.

एसटीला अजून पाऊण तास होता. मी पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावरच बसून राहिले.